सामाजिक शास्त्रांचे अध्यापक आणि बी. एड. प्रवेशाची पूर्वतयारी

माध्यमिक शाळेत इतिहास व भूगोल शिकवू इच्छिणाऱ्या पदवीधरास बी. एड. ही अर्हता संपादन करावी लागते. पूर्वी एका वर्षाचा असलेला हा अभ्यासक्रम २०१५-१६ पासून दोन वर्षांचा झाला असून, त्यातील वीस आठवडे प्रत्यक्ष शालेय अनुभवासाठी आहेत. रत्नागिरी जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतो. तथापि प्रवेशाचा मुख्य मार्ग राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या परीक्षेतून जातो. नव्वद मिनिटांत शंभर प्रश्न सोडवावयाचे असतात. मानसिक क्षमतेवर चाळीस, सामान्य ज्ञानावर तीस व शिक्षक अभियोग्यतेवर तीस. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडू नये.

परीक्षेपेक्षा अधिक उमेदवार अडतात ते कागदपत्रांपाशी. पदवीस खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के, तर महाराष्ट्रातील राखीव प्रवर्गांसाठी ४५ टक्के गुण आवश्यक असतात. समजा, ४७ टक्के गुणांच्या एखाद्या उमेदवाराजवळ जातवैधता प्रमाणपत्र किंवा आवश्यक तेथे उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र मुदतीत नसेल, तर त्याची गणना खुल्या प्रवर्गात होते. आणि मग त्याची केवळ राखीव जागाच जात नाही, तर पात्रताच संपुष्टात येते. प्रवेश परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही त्याचे वर्ष वाया जाते.

येथे ग्रामपंचायत व प्राथमिक शाळा यांचे साहाय्य मोलाचे ठरते. जातपडताळणीसाठी अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचे, विमुक्त जाती व भटक्या जमातींना १९६१ पूर्वीचे, तर इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचे पुरावे उपयोगी पडतात. आजोबांची शाळेच्या जनरल रजिस्टरातील नोंद अथवा गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूची नोंद हा असा पुरावा होय. ही जीर्ण दप्तरे कोकणातील पावसाळी दमटपणापासून जपणे आणि मागणीनुसार उतारा विनाविलंब देणे, हे मुख्याध्यापक व संबंधित अधिकारी यांनी अगत्याने करावयाचे काम आहे.

अध्यापन विषय निवडताना पदवीचा विषय विचारात घेतला जातो. दहावीच्या परीक्षेत इतिहास-राज्यशास्त्रास ४० व भूगोलास ४० गुण असले, तरी शाळेत बहुधा एकाच शिक्षकाकडे दोन्ही विषय येतात. म्हणून इतिहासाच्या पदवीधराने भूगोलाकडे पाठ फिरवू नये. रत्नागिरीत तर हे दोन्ही विषय हातात हात घालूनच भेटतात. जांभ्याच्या सड्यांवरील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. कशेळीचा हत्ती दाखविताना खडक आणि आदिमानव यांचा पाठ एकत्रच होतो. १८८५ मध्ये पदच्युत झालेल्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजास इंग्रजांनी येथे आणून ठेवले. त्याच्या राजवाड्यासमोर उभे राहून साम्राज्यवाद शिकविणे फळ्यावरील व्याख्येपेक्षा निश्चितच सोपे!

इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयात प्रवेश हवा असल्यास इंग्रजी भाषेची स्वतंत्र चाचणी द्यावी लागते. पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थीही प्रवेश परीक्षेस बसू शकतात. त्यामुळे जातपडताळणीचा अर्ज त्या वर्षाच्या आरंभीच जिल्हा समितीकडे सादर करावा, आणि गुणपत्रक व दाखला यांवरील नावात फरक असल्यास तो त्यापूर्वीच दुरुस्त करून घ्यावा.