जर्सीवर दुकानाचे नाव : आयर्लंडच्या दुकानदारांचा हिशेब

जाहिरातीवर घातलेला पैसा परत येतो की नाही, हा बाजारातला जुना वाद आहे. आयर्लंडमधील खेळाच्या सामानाच्या दुकानांनी या प्रश्नाला जे उत्तर दिले, ते व्यापारी बंधूंनी बारकाईने पाहण्यासारखे आहे.

प्रथम तेथील खेळाची रचना लक्षात घ्यावी. गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन 1884 साली थर्ल्स या गावी स्थापन झाली. गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे तिचे मुख्य खेळ. खेळाडू हौशी असतात, त्यांना पगार नाही. खेळाडूंची खरेदी-विक्री तर मुळीच नाही. माणूस बहुधा आपल्याच कौंटीकडून खेळतो, आणि कौंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. म्हणून कौंटीच्या जर्सीची इज्जत घराण्याच्या नावासारखी असते. या जर्सीवर प्रायोजकाचे नाव छापण्याची परवानगी 1991 मध्ये मिळाली, आणि डब्लिनच्या संघाच्या छातीवर त्याच शहरातील आर्नॉट्स या जुन्या बड्या दुकानाचे नाव आले. ते सुमारे दोन दशके राहिले.

आता मुख्य उदाहरण एल्व्हरीज या पेढीचे. ती 1847 साली डब्लिनमध्ये सुरू झाली. आयर्लंडमधला बटाट्याचा भीषण दुष्काळ चालू होता, तेव्हाची ही गोष्ट. पावसाळी कपडे व रबरी माल हा तिचा जुना व्यवसाय, आणि हत्ती ही तिची निशाणी. पुढे ती खेळाच्या सामानाची साखळी झाली. पश्चिमेकडील मेयो कौंटीतील एका व्यापारी कुटुंबाने ती घेतली आणि तिचा कारभार कॅसलबार येथून चालू लागला. मग मेयोच्या फुटबॉल संघाच्या जर्सीवर एल्व्हरीजचे नाव आले.

येथे हिशेब समजून घ्यावा. एखादी बँक किंवा विमा कंपनी जर्सीवर नाव छापते, तेव्हा ती फक्त नाव विकत घेते. जर्सी पाहून कोणी काउंटरवर विमा मागायला येत नाही. पण दुकानाने नाव छापले, तर तीच जर्सी त्याच दुकानात विकली जाते. म्हणजे गिऱ्हाईक स्वतः पैसे मोजून दुकानाची जाहिरात अंगावर घालतो, आणि त्या विक्रीतही दुकानाला मुनाफा राहतो. जर्सीसाठी आलेले पोर बूट आणि मोजेही घेऊन जाते. शिवाय नियमही दुकानदाराच्या उपयोगी पडले. हर्लिंगमध्ये 2010 पासून सर्वांना हेल्मेट सक्तीचे झाले, आणि गेलिक फुटबॉलमध्ये 2014 पर्यंत दातांचे रक्षक वरिष्ठ खेळाडूंनाही सक्तीचे झाले.

उलट बाजूही आहे. मेयोची हिरवी-लाल जर्सी शेजारच्या गॉलवेत कोण घेणार? साखळीच्या शाखा मात्र सगळीकडे. एका कौंटीचा झेंडा खांद्यावर घेतला, तर दुसऱ्या कौंटीचा गिऱ्हाईक रुसण्याचा धोका राहतोच. आणि नक्षी बदलली की जुना माल पडून राहतो. कापडाच्या धंद्यात हे दुखणे कोणाला सांगायला नको.

अधिक रंजक प्रश्न हार-जितीचा. मेयोने अखिल आयर्लंड स्पर्धा 1951 मध्ये शेवटची जिंकली. 2012, 2013, 2016, 2017, 2020 आणि 2021 असे सहा अंतिम सामने हा संघ खेळला आणि सहाही हरला. त्यातील 2013, 2016 व 2017 चे डब्लिनकडून अवघ्या एका गुणाने. आपल्याला वाटेल, प्रायोजकाचे दिवाळेच निघाले असेल! पण अंतिम सामन्यापर्यंत पोचणे म्हणजे क्रोक पार्कमध्ये ब्याऐंशी हजार लोकांसमोर आणि दूरदर्शनवर दिसणे. शिवाय दरवर्षी 'यंदा तरी' या आशेवर गिऱ्हाईक पुन्हा जर्सी घेतो. जिंकलेला संघ एक हंगाम उत्साह देतो, पण हरत आलेला लाडका संघ उमेद जागी ठेवतो, आणि बाजाराला ती जास्त दिवस पुरते असे माझे मत आहे.

तरी प्रायोजकत्व म्हणजे ढाल नव्हे. 2008 नंतर आयर्लंडची जमीन-घरांची बाजारपेठ कोसळली. एल्व्हरीजच्या मालक मंडळींवर मालमत्ता-कर्जाचा बोजा होता. 2014 मध्ये पेढीला न्यायालयाच्या संरक्षणाखाली जावे लागले. त्या देशात अशी सोय आहे की न्यायालय एक तपासनीस नेमते, ठराविक दिवस देणेकऱ्यांना हात लावता येत नाही, आणि तेवढ्यात पेढी वाचवण्याचा मार्ग शोधायचा. त्याच वर्षी व्यवस्थापनातील मंडळींनीच ती विकत घेतली. दुकानात गर्दी असूनही हे घडले, हे विसरू नये. काउंटरवरचा धंदा चांगला चालत होता, खड्डा होता जमिनीच्या कर्जात.

जर्सी विणणाऱ्याचा भाग निराळा. मेयोची जर्सी बनवणारी ओ'नील्स ही 1918 ची डब्लिनची पेढी. तिच्या बाहीवरील तीन पट्ट्यांवरून अ‍ॅडिडासने तिला न्यायालयात खेचले होते. सुप्रीम कोर्टाने 1980 च्या दशकात निकाल दिला तो ओ'नील्सच्या बाजूने, आणि आयर्लंडमध्ये तिच्या जर्सीवर तीन पट्टे कायम राहिले.