नवं काम, नवी जागा आणि आपल्या देवरुखच्या पार्वतीबाई



या महिन्याचा अभ्यास थोडा वेगळा आहे. हिशोबाची वही नाही, कर्जाचा हप्ता नाही. गेल्या दोन-तीन बैठकांत एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकलं, म्हणून हा विषय घेतला. वाक्य असं, “ताई, काम चांगलं आहे, पण मला नाय जमायचं. मी आपली आधीचीच बरी होते.”

हे म्हणणाऱ्यांत एक बँक सखी झालेली होती. एक काजूच्या कारखान्यात सोलायच्या टेबलावरून पॅकिंगच्या वजनकाट्यावर गेलेली. एक आयुष्यभर भातशेती करून आता गणपतीपुळ्याकडच्या एका हॉटेलात कामाला लागलेली. तिघीही कष्टाला घाबरणाऱ्या नव्हेत. मग अडतं कुठे?

जरा आठवून बघा. जुन्या कामात तुमच्या हातालाच सगळं कळत होतं. हापूसची पेटी भरणारी बाई फळ नुसतं हातात घेते आणि सांगते, हे चार दिवसांत होईल, हे आठ दिवसांत. तिला हे कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. वीस वर्षांच्या हंगामांनी शिकवलं. तीच बाई उद्या मशिनसमोर बसली की पहिल्या दिवशी शून्य. गावात जिला चार बायका सल्ला विचारतात, तिला पंचवीस वर्षांचं पोर म्हणतं, “अहो मावशी, ते बटण नाही, हे!” अपमान बटणाचा नसतो. वीस वर्षांची जाणती बाई एका सकाळीत अडाणी ठरली, त्याचा असतो.

मी स्वतः यातून गेले आहे, म्हणून सांगते. आधी मी बागेत पेट्या भरत असे. पुढे गटाचं काम अंगावर आलं आणि एका कार्यालयात कागद घेऊन जायची पाळी आली. ते कुठलं ते इथे नको. तिथल्या एकाने फॉर्म हातात घेतला, बघितला आणि चार माणसांसमोर म्हणाला, “आधी शिकून या, मग पुढारपण करा.” मी बाहेर आले, एसटी स्टँडवर बसले आणि दोन गाड्या सोडल्या. डोळे पुसल्याशिवाय गावच्या गाडीत चढायचं नव्हतं. घरी काही बोलले नाही. तीच माझी चूक झाली. त्याबद्दल पुढे बोलूच.

आधी एक जुनी गोष्ट.

देवरुख तुम्हाला माहीत आहे. संगमेश्वर तालुक्यातलं. तिथल्या जोशींच्या घरी १८७० साली एक मुलगी जन्मली. अकराव्या वर्षी लग्न झालं, विसाव्या वर्षी नवरा वारला. त्या काळच्या रीतीप्रमाणे केशवपन झालं. पदरात एक मुलगा. पुढचं आयुष्य म्हणजे माहेरच्या चुलीपाशी राबणं, असंच ठरलेलं होतं. या पार्वतीबाई आठवले. त्यांची बहीण म्हणजे बाया, धोंडो केशव कर्व्यांशी १८९३ साली पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई. कर्वेही आपल्याच जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातल्या मुरुडचे.

पार्वतीबाई साधारण सव्वीस वर्षांच्या असताना शिकायला पुण्याला गेल्या. सव्वीस! आपल्यातल्या कितीजणी म्हणतात, “आता या वयात काय शिकायचं?” पुढे कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमात त्यांनी काम केलं. हा आश्रम १८९६ साली सुरू झाला आणि १९०० साली पुण्याजवळ हिंगण्याला गेला. आश्रमाचं घर चालवणं, मुलींवर देखरेख, आणि नंतर सगळ्यात अवघड काम, गावोगाव फिरून वर्गणी गोळा करणं. ज्या काळात विधवेचं तोंड सकाळी दिसलं तर लोक अपशकुन मानत, त्या काळात ही बाई परक्या गावात जाऊन, सभेत उभी राहून, विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागत होती. देणारे होते, तसे बोल लावणारेही होते. वर्षानुवर्षं त्यांनी ते काम केलं.

इथेच त्या थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्यांना एक गोष्ट डाचत होती. इंग्रजी येत नाही. संस्थेसाठी मोठ्या शहरांत हिंडायचं, शिकलेल्या लोकांशी बोलायचं, तर ते यायला हवं. मग १९१८ साली, वयाची अठ्ठेचाळीस वर्षं होत आलेली असताना, त्या अमेरिकेला गेल्या. पैसे बेताचे, भाषा तोडकीमोडकी. तिथे पोट भरायला त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केलं. आश्रमात ज्यांच्या शब्दाला मान होता त्या बाईंनी परक्या देशात मोलकरीण म्हणून काम धरलं. त्या शाकाहारी, आणि घरं मांसाहारी. सगळीच अडचण. १९२० साली त्या परत आल्या आणि पुन्हा आपल्या संस्थेच्या कामाला लागल्या. पुढे १९२८ साली ‘माझी कहाणी’ या नावाने त्यांचं आत्मचरित्र आलं, १९३० साली त्याचं इंग्रजी भाषांतरही झालं. त्यांची सगळीच मतं आज आपल्याला पटतील असं नाही. बाईचं मुख्य काम घर-संसार असं त्या मानत, आणि इथे माझं त्यांच्याशी भांडण आहे. पण त्या स्वतः मात्र देवरुखच्या चुलीपासून अमेरिकेपर्यंत गेल्या.

मला त्यांच्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांनी हुद्दा आणि स्वतःची किंमत यांची गाठ मारली नाही. मोलकरणीचं काम करताना त्यांना ठाऊक होतं की आपण इथे कशासाठी आलो आहोत. काम हे शिकण्याचं भाडं होतं. तुम्ही नव्या जागी पहिले सहा महिने हाच हिशोब मनात ठेवा. समोरचा “मावशी, हे नाही कळत?” म्हणाला की स्वतःला विचारायचं, आज मी इथून काय घेऊन घरी चालले? एक गोष्ट जरी नवी आली असेल तरी त्या दिवसाचं भाडं वसूल.

पण सगळा त्रास सहन करायचा असतो, असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. आपल्याकडे बायकांना हे फार लवकर शिकवतात, आणि मग सोसण्यालाच गुण समजतात. न येण्याचा त्रास वेगळा, आणि दिलेला त्रास वेगळा. पहिला सरावाने जातो. दुसरा जात नाही, उलट वाढतो.

बँक सखी ताईचंच घ्या. एका आजीने मशिनवर अंगठा लावून हजार रुपये काढायला घेतले. खात्यातून पैसे कापले गेल्याचा मेसेज आला, मशिन मात्र व्यवहार झाला नाही म्हणालं. ताईने पैसे दिले नाहीत, ते बरोबरच केलं. पण संध्याकाळपर्यंत वाडीत बोलबाला, “हिने म्हातारीचे हजार खाल्ले.” दोन दिवस ताई घराबाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी मशिन परत करते म्हणाली.

इथे आत्मविश्वासाच्या गप्पांचा काही उपयोग नव्हता. माहितीचा होता. रिझर्व्ह बँकेने २०१९ साली नियम केला आहे. आधारच्या अशा व्यवहारात खात्यातून पैसे कापले गेले आणि व्यवहार पूर्ण झाला नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते परत खात्यात यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळायला हवी. तेव्हा पावती जपायची, त्यावरचा व्यवहार क्रमांक वहीत उतरवायचा, आणि आजीला व तिच्या घरच्या एका माणसाला त्याच वेळी समोर बसवून हे सांगायचं. बँकेत लेखी तक्रार द्यायची आणि पोच घ्यायची. महिनाभरात बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याची चौकशी १४४४८ या क्रमांकावर होते. ताईने ग्रामसंघाच्या बैठकीत पावती सगळ्यांसमोर वाचून दाखवली. मशिन अजून तिच्याकडेच आहे.

अंगठा न उठण्याचंही असंच. काजूच्या टरफलाच्या तेलाने ज्यांच्या बोटांची कातडी वर्षानुवर्षं जळली, चिरे उचलून ज्यांच्या रेषा पुसल्या, त्यांचा अंगठा मशिनला ओळखू येत नाही. दुसरं बोट लावून बघा, हात कोरडा पुसा, तरीही नाही तर आधार केंद्रावर ठसे नव्याने देता येतात. यात सखीचा काय दोष? पण तिला हे ठाऊक नसेल तर ती तो दोष स्वतःकडे घेते. आपण बायका दोष फार पटकन उचलतो, पाण्याच्या हंड्यासारखा.

आता दुसऱ्या त्रासाविषयी, जो बैठकीत हळू आवाजात सांगितला जातो. कामाच्या जागी कोणी अंगचटीला येतो, घाणेरडं बोलतो, फोनवर नको ते पाठवतो, किंवा “माझं ऐकलंस तर काम टिकेल” असं सुचवतो. याला २०१३ चा कायदा आहे. जिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे, आणि तिची अध्यक्ष बाईच असते. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तिची चौकशी रत्नागिरीत जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास कार्यालयात करा. दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईलाही हा कायदा लागू आहे. तक्रार लेखी द्यायची, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचंच काम आहे.

हा कायदा कुणामुळे आला, तेही ठाऊक असावं. राजस्थानातल्या भटेरी गावची भंवरीदेवी, सरकारी महिला विकास कार्यक्रमातली ‘साथीन’, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखीच गावपातळीवरची कार्यकर्ती. बालविवाह रोखायला गेली म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यानंतर बायकांच्या संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ साली ‘विशाखा’ निकाल आला. २०१३ चा कायदा त्याच्यावरच उभा आहे. भंवरीदेवी स्वतः मात्र न्यायाची वाटच बघत राहिली. म्हणून हा कायदा नुसता पाठ करायचा नसतो, वापरायचाही असतो.

पगार कापणं, हजेरी कमी लावणं, बारा तास राबवून आठ तासांचे पैसे देणं, यासाठी रोजची वही हवी. किती वाजता आले, किती वाजता सुटले, किती रुपये हातात पडले. दोन ओळी पुरतात. वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. बायकांना, मग उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. फोन १५१००. तातडीची मदत हवी असेल तर महिलांसाठी १८१ आहे.

आणि आता माझी चूक. त्या दिवशी एसटी स्टँडवरून घरी आल्यावर मी कोणालाच सांगितलं नाही, आणि पुढचे दोन महिने त्या कार्यालयाचं काम टाळत राहिले. गटाचा कागद अडकला. शेवटी आमच्या गटाच्या सचिव, मावशीच म्हणायचो आम्ही त्यांना, चौथी शिकलेल्या, मला म्हणाल्या, “अगं, तो ओरडला तर ओरडू दे. फॉर्ममध्ये काय चुकलं ते सांगितलं का त्याने?” मला सांगताच येईना. मी अपमान लक्षात ठेवला होता, चूक बघितलीच नव्हती. त्या माझ्याबरोबर आल्या. चूक निघाली एक, ठरावाची तारीख राहिली होती. दहा मिनिटांत काम झालं. तो माणूस मात्र पुढेही तसाच बोलायचा. कोणी सुधारलं-बिधारलं नाही.

तर पुढच्या बैठकीत हे करायचं आहे. ज्या ताईने गेल्या वर्षभरात काम बदललं आहे तिने तीन गोष्टी सांगायच्या: नव्या जागी अजून काय येत नाही, तिथे कोण काय त्रास देतं, आणि जुन्या कामातलं कुठलं कसब इथे चालेल. बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही, “सोड ते काम” असंही म्हणायचं नाही. नंतर गटाने ठरवायचं, न येणारी गोष्ट कोण शिकवेल आणि त्रासाच्या जागी तिच्याबरोबर कोण जाईल. नाव आणि तारीख इतिवृत्तात लिहा. वजनकाट्यावर गेलेल्या ताईला आकडे वाचायची भीती आहे. तिला तिच्याच वाडीतली सातवीतली मुलगी रोज अर्धा तास शिकवायला तयार झाली आहे. बदल्यात ताई तिला फणसाचे गरे न चिकटता कसे काढायचे ते दाखवणार आहे. वही सोबत आणा, आणि ज्यांच्याकडे मशिन आहे त्यांनी मागच्या महिन्याच्या पावत्याही आणा.