बचावफळी मजबूत करायची, पण किती डॉलरांत?

२०२४च्या मार्चमध्ये अमेरिकी फुटबॉलमधल्या फिलाडेल्फिया ईगल्सने आपल्या बचावफळीसाठी एकाच आठवड्यात दोन फ्री एजंट, म्हणजे करार संपून मोकळे झालेले खेळाडू, घेतले. न्यूयॉर्क जेट्सकडून आलेल्या ब्राइस हफला तीन वर्षांसाठी ५ कोटी ११ लाख डॉलर मिळाले. न्यू ऑर्लीन्स सेंट्सकडून आलेल्या झॅक बॉनला मिळाले एका वर्षाचे ३५ लाख. हफ पास रशर, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणारा, आणि आदल्या मोसमात त्याच्या नावावर १० सॅक होते, म्हणजे पास फेकण्याआधीच त्याने क्वार्टरबॅकला १० वेळा पाडलं होतं. बॉन लाइनबॅकर, त्याची चार वर्षं बरीचशी स्पेशल टीम्समध्ये, किक आणि पंटपुरतं मैदानात उतरण्यात गेलेली.

मोसम संपला तेव्हा हफचे सॅक होते अडीच, आणि सुपर बोल या अंतिम सामन्यात त्याला त्या दिवशी खेळणाऱ्यांच्या यादीतही जागा मिळाली नाही. बॉनने १५१ टॅकल केले आणि मोसमातल्या सर्वोत्तमांच्या, म्हणजे ऑल-प्रोच्या, पहिल्या संघात तो निवडला गेला. ९ फेब्रुवारी २०२५चा सुपर बोल होता न्यू ऑर्लीन्समध्ये, त्याच्या जुन्या क्लबच्याच मैदानावर. मध्यंतराच्या जरा आधी प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सचा पास त्याने झेप घेऊन पकडला, लगेचच ईगल्सचा टचडाउन झाला आणि गुणफलक २४-० झाला. सामना त्यांनी ४०-२२ असा जिंकला.

अमेरिकेतल्या मराठी घरांत आता शरद ऋतूतले रविवार मुलांच्या आवडत्या संघाचे असतात. मार्च उजाडला की त्याच मुलांचा प्रश्न येतो, “आपण अमक्याला का नाही घेतलं?” त्याचं उत्तर द्यायचं तर भाव माहीत हवेत. आणि एनएफएल या फुटबॉल लीगमध्ये बातमीत छापून येतो तो आकडा क्वचितच खरा भाव असतो.

आधी पाकीट किती ते बघू. २०२५च्या मोसमासाठी प्रत्येक संघाची सॅलरी कॅप, म्हणजे पगारांची कमाल मर्यादा, होती २७ कोटी ९२ लाख डॉलर. एवढ्यात ५३ जणांचा संघ, दुखापतग्रस्तांचे पगार आणि सोडून दिलेल्या खेळाडूंचा जुना हिशेब, सगळं बसवायचं. त्यात मायका पार्सन्ससारखा पहिल्या प्रतीचा पास रशर वर्षाला सरासरी ४ कोटी ७० लाख घेऊन जातो. फ्रेड वॉर्नर हा मधल्या फळीतला नामवंत लाइनबॅकर, त्याची सरासरी २ कोटी १० लाख. दोघेही आपापल्या जागेवरचे अव्वल, तरी भावात दुपटीहून जास्त फरक. पैसे कमी असतील तर कुठे बघायचं, ते इथेच कळतं. मधला लाइनबॅकर, सेफ्टी, धावता चेंडू अडवणारा जाडजूड डिफेन्सिव्ह टॅकल आणि आतल्या बाजूचा कॉर्नरबॅक या जागांवर थोडक्या पैशात चांगला माणूस मिळतो. बाहेरचा कॉर्नरबॅक आणि तरुण पास रशर परवडणाऱ्या भावात मिळत असेल, तर का मिळतोय ते आधी विचारावं.

सगळ्यात खालचा भाव

२०२५मध्ये सात किंवा अधिक मोसम खेळलेल्या खेळाडूचा किमान पगार होता १२ लाख ५५ हजार डॉलर. पण असा खेळाडू एका वर्षाच्या किमान करारावर घेतला, तर त्या वर्षी संघाच्या कॅपमध्ये धरले जात होते फक्त १० लाख ३० हजार, म्हणजे दोन मोसम खेळलेल्या पोराच्या किमान पगाराएवढेच. ही सवलत चार किंवा जास्त मोसम झालेल्यांना लागू आहे. अनुभवी माणूस महाग पडतो म्हणून संघाबाहेर राहू नये, यासाठी खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या करारातच ही तरतूद आहे. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. तिशी ओलांडलेल्या कित्येक बचावपटूंची शेवटची दोन-तीन वर्षं त्याच्यावर निघतात.

त्यात आणखी एक खुबी आहे. मार्च ते ऑगस्ट या काळात कॅपमध्ये संघाचे सगळ्यात महाग ५१ करारच मोजतात. २०२५च्या भावाने १० लाख ३० हजारांचा सेफ्टी यादीत आला की ९ लाख ६० हजारांचा कुणीतरी ५१च्या खाली ढकलला जातो आणि त्याचा पगार मोजणीतून गळतो. म्हणजे त्या दिवशी कॅपमधून खरे गेले ७० हजार. त्यामुळे “आमच्याकडे कॅपच शिल्लक नाही” असं एखाद्या संघाने मे महिन्यात म्हटलं, तरी किमान पगारावरचा सेफ्टी त्याला परवडत नाही असं मानू नका.

मार्चचा भाव आणि मेचा भाव

दिवस बदलला की भाव बदलतो. मार्चमध्ये बाजार उघडतो तेव्हा पहिल्या दोन-तीन दिवसांत चढाओढ असते, आणि तिथे घेतलेला माणूस जवळजवळ नेहमी महाग पडतो. त्याला दुसरीही किंमत असते, जी बातमीत येत नाही. करार संपून मोकळा झालेला खेळाडू मोठ्या पगारावर घेतला, तर नुकसानभरपाई म्हणून मिळू शकणारी नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमधली जास्तीची निवड हातची जाऊ शकते. या निवडी तिसऱ्या ते सातव्या फेरीत मिळतात. बाल्टिमोर रेव्हन्सने त्या जपण्याला वर्षानुवर्षं आपलं धोरणच बनवलं आहे. जुन्या संघाने करार मोडून सोडलेला खेळाडू मात्र या हिशेबात धरत नाहीत, आणि ड्राफ्टनंतरच्या सोमवारी दुपारी चार वाजल्यानंतर घेतलेलाही धरत नाहीत. मे महिन्यात अनुभवी खेळाडूंच्या करारांची जी रांग लागते, तिचं मोठं कारण हा सोमवार आहे.

रेव्हन्सचाच २०२३चा मोसम घ्या. पास रशर जेडेवियन क्लाउनी ऑगस्टमध्ये आला, एका वर्षासाठी, सगळे बोनस मिळाले तर जास्तीत जास्त ६० लाख. काइल व्हॅन नॉय तर सप्टेंबरच्या अखेरीस, मोसम सुरू झाल्यावर आला. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता आणि उन्हाळाभर घरी बसून होता. क्लाउनीने साडेनऊ सॅक केले, व्हॅन नॉयने नऊ. त्या वर्षी सगळ्यात कमी गुण देणं, सगळ्यात जास्त सॅक करणं आणि सगळ्यात जास्त वेळा चेंडू हिसकावणं या तिन्हींत रेव्हन्स पहिले आले. एनएफएलमध्ये हे त्याआधी कुणाला जमलं नव्हतं. पास रशर स्वस्तात मिळत नाही असं वर म्हटलं ते तरुणांबद्दल. सामन्यात २५-३० प्लेच खेळवायचा असेल, तर तिशीतला माणूस ऑगस्टमध्ये परवडतो.

सप्टेंबरलाही कारण आहे. चार मोसम झालेला खेळाडू पहिल्या आठवड्याला संघात असेल, तर पुढे त्याला सोडलं तरी वर्षाचा मूळ पगार तो मागू शकतो. दुसऱ्या आठवड्यापासून घेतलेल्याला ती हमी नसते. १२ लाख ५५ हजारांचा पगार १८ आठवड्यांत विभागला की आठवड्याला सुमारे ७० हजार पडतात. संघाला हे सोयीचं आहे. खेळाडूच्या बाजूने बघितलं तर दर मंगळवारी नोकरी जाऊ शकते अशा स्थितीत घर हलवून नव्या शहरात राहायचं, हा या स्वस्ताईचा दुसरा अर्थ आहे आणि तो विसरू नये.

करारात काय वाचायचं

पहिली गोष्ट गॅरंटी. “दोन वर्षांचे १ कोटी २० लाख” असं छापून आलं आणि गॅरंटी ५० लाखांचीच असेल, तर तो बहुधा एकाच वर्षाचा करार आहे. दुसरं वर्ष संघाच्या मर्जीवर.

दुसरी गोष्ट कामगिरीचे बोनस. समजा, खेळाडूने गेल्या वर्षी सहा सॅक केले आणि आठ सॅकला १० लाखांचा बोनस ठरला. गेल्या वर्षी जमलं नव्हतं म्हणून हा बोनस यंदाच्या कॅपमध्ये धरत नाहीत. त्याने तो मिळवलाच तर पुढच्या वर्षीच्या कॅपमधून जातो. पाच सॅकलाच बोनस ठेवला असता, तर तो पहिल्याच दिवशी मोजला गेला असता. दुखापतीतून उठलेल्या कॉर्नरबॅकसाठी प्रत्येक सामन्यागणिक बोनस मला सगळ्यात न्याय्य वाटतो. खेळला तर त्याला पुरते पैसे, नाही खेळला तर संघ बुडत नाही.

तिसरी गोष्ट जपून वाचा: व्हॉइड वर्षं. एका वर्षासाठी घेतलेल्या माणसाच्या करारात चार नावापुरती वर्षं जोडतात, म्हणजे साइनिंग बोनस पाच वर्षांवर पसरता येतो. १० लाख पगार आणि ५० लाख बोनस असेल तर यंदा कॅपमध्ये दिसतात २० लाख. पुढच्या मार्चमध्ये तो निघून जातो आणि उरलेले ४० लाख एकदम अंगावर येतात. ही हप्त्याची खरेदी आहे. वस्तू घरातून गेली तरी हप्ता राहतो. जिंकायला एकच वर्ष हाती असलेल्या संघाने हे करावं, नव्याने उभ्या राहणाऱ्याने अजिबात करू नये.

हे सगळं जमवूनही बॉन रोज सापडत नाही. ईगल्सने ३५ लाखांत, म्हणजे डॉलर ८५ रुपयांचा धरला तर सुमारे ३० कोटी रुपयांत, लाइनबॅकर घेतला एवढ्यावर ते साधलं नाही. त्याच वर्षी बचावाचे प्रशिक्षक म्हणून आलेल्या विक फँजिओने त्याला कडेवरून उचलून मधोमध उभं केलं, जिथे त्याचा वेग आणि चेंडू हेरण्याची नजर कामी आली. म्हणून स्वस्त करार तोलताना माझा पहिला प्रश्न असतो, प्रशिक्षकाकडे या माणसासाठी ठरलेलं काम आहे का? नाव मोठं आणि काम न ठरलेलं असेल, तर १२ लाखसुद्धा महाग आहेत. चांगलं खेळून दाखवलेल्याला मात्र पुढे पैसे मोजावेच लागतात. २०२५च्या मार्चमध्ये ईगल्सने बॉनला तीन वर्षांसाठी ५ कोटी १० लाख दिले, म्हणजे हफसाठी जवळपास जेवढे ठरवले होते तेवढेच. हफला जूनमध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकलं.

आपल्या संघाचा हिशेब बघायचा तर ओव्हर द कॅप आणि स्पोट्रॅक या संकेतस्थळांवर प्रत्येक कराराची फोड मिळते. एकूण रकमेचा रकाना सोडून द्या. यंदाचा कॅप आकडा, गॅरंटी आणि खेळाडू सोडला तर राहणारा डेड मनी, हे तीन रकाने बघा.