मोतीचे पथ्य

पाळीव प्राण्यांवर निबंध लिहावयास सांगितला, की आपण सर्वजण कुत्र्याच्या इमानीपणाचे वर्णन करून मोकळे होतो. परंतु ज्या प्राण्याच्या इमानाची आपण इतकी स्तुती करतो, त्याच्या पोटात काय चालले आहे ह्याची चौकशी आपल्यापैकी किती जण करतात? आम्हीही ती कधी केली नव्हती. गेल्या वर्षी आमच्या घरच्या कुत्र्याने आम्हांला ती करावयास लावली. त्यातून जे थोडे शिकावयास मिळाले, ते येथे सांगावयाचे योजिले आहे.

आमचे घर निपाणीत आहे. मागच्या बाजूस तंबाखूची जुनी वखार, पुढे रस्ता आणि भिंतीला भिंत लागून एका कानडी कुटुंबाचे घर. चार वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात वखारीच्या पडवीत सापडलेले एक पांढरे पिलू आम्ही भावंडांनी घरी आणले व त्याचे नाव मोती ठेवले. शेजारच्या अज्जी त्याला ‘मुत्तु’ म्हणू लागल्या. कानडीत मुत्तु म्हणजे मोतीच. दोन्ही हाकांना तो सारख्याच उत्साहाने धावे. ह्या दोन नावांचा त्याच्या दुखण्याशी काही संबंध असेल, हे मात्र तेव्हा कोणाच्या ध्यानी आले नाही.

लहानपणी मोती पुढे येईल ते खाई. पुढे पुढे मात्र तो फार चोखंदळ झाला. सायंकाळी ताटलीत भात किंवा ज्वारीची भाकरी कुस्करून ठेवली, तर तो ती हुंगे, आमच्याकडे पाही आणि तोंड फिरवून निघून जाई. मुके जनावर उपाशी निजेल ह्या कल्पनेने आजीचा जीव कळवळे. मग ती भाकरीवर दूध ओती. दुधालाही तो शिवला नाही, तर तुपात बुडविलेली पोळी त्याच्या तोंडापाशी धरी. पहाटे अंगणात पिवळ्या फेसाची ओकारी पडलेली दिसे. पुढे दोन-तीन दिवस जुलाब, मग चार दिवस बरे, आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. कोणी म्हणे दृष्ट लागली. कोणी म्हणे गावठी कुत्र्याला घरचे अन्न मानवत नाही. तो गवत खाऊ लागला, की “स्वतःचे औषध स्वतःच शोधतो आहे” असे म्हणून आम्ही समाधान करून घेत असू.

शेवटी माघ महिन्यात आम्ही त्याला गुरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, “हा खातो काय?” आम्ही सर्वांनी एका स्वराने उत्तर दिले, “काहीच खात नाही.” डॉक्टरांनी मोतीला तराजूवर उभे केले. वजन चौदा किलो भरले. ते हसून म्हणाले, “काही न खाणारा कुत्रा इतका गुटगुटीत कसा राहिला, ते आधी शोधून काढले पाहिजे.” त्यांनी विष्ठा तपासली. तीत जंतांची अंडी आढळली. जंतांचे औषध झाल्यावर मोती पंधरा दिवस बरा राहिला; नंतर दुखणे पुन्हा उलटले. तेव्हा डॉक्टरांनी आम्हांला एक अभ्यास नेमून दिला. सात दिवस, कोणतीही कानउघाडणी न करता, मोतीच्या तोंडात जे जे जाईल ते, कोणी व केव्हा दिले ह्यासह वहीत लिहून ठेवावयाचे.

त्या अभ्यासाचा निकाल सांगण्यापूर्वी कुत्र्याच्या पचनक्रियेविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे. आपण घास चावतो तेव्हा लाळेतच पिठूळ पदार्थांचे पचन सुरू होते. कुत्र्याच्या लाळेत तो पाचक रस जवळजवळ नसतोच. म्हणून तो फारसे न चावता घास गिळतो आणि पुढील काम जठर, स्वादुपिंड व आतडी ह्यांच्यावर सोपवितो. तथापि ‘कुत्रा हा मांसाहारी, त्याला भाकरी पचणार नाही’ ही समजूत खरी नव्हे. २०१३ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी कुत्रा व लांडगा ह्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना प्रसिद्ध केली. पिष्ट पचविणारा स्वादुपिंडातील रस ज्या जनुकामुळे तयार होतो, त्याच्या तपासलेल्या लांडग्यांत दोनच प्रती आढळल्या, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. हजारो वर्षे माणसाच्या दाराशी राहून कुत्र्याने माणसाचे धान्य पचविण्याची शक्ती मिळविली, असा ह्याचा अर्थ होतो.

ह्याचे उदाहरण शोधावयास आपल्याला परदेशी जावयास नको. घटप्रभेच्या काठचे मुधोळ हे पूर्वी घोरपडे घराण्याचे संस्थान होते. तेथील सडपातळ, लांब पायांचे शिकारी कुत्रे सर्वत्र प्रसिद्ध आहेत. भारतीय टपाल खात्याने २००५ साली काढलेल्या देशी कुत्र्यांच्या तिकिटांत मुधोळच्या कुत्र्याला मानाचे स्थान मिळाले. वाऱ्यासारखा पळणारा हा प्राणी तिकडच्या शेतकऱ्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या ज्वारी-मक्याची भाकरी व दूध ह्यांवर वाढत आला आहे. तेव्हा दोष भाकरीचा नव्हे. केवळ भाकरीने सर्व पोषण होते असे मात्र नाही. अंडे, मांस किंवा मासळी ह्यांची जोड तिला हवीच.

मग भूक कोठे जाते? ह्या प्रश्नाचा विचार रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह ह्यांनी फार बारकाईने केला होता. पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अन्न जठरात पोहोचण्यापूर्वीच, केवळ खाण्याच्या उत्सुकतेने जठरात पाचक रस वाहू लागतो, हे त्यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांनी दाखविले. पुढे अन्न येण्याची खूण ऐकताच कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटते, हेही त्यांनी सिद्ध केले. सेंट पीटर्सबर्ग येथील त्यांच्या संस्थेच्या आवारात १९३५ साली कुत्र्याचे स्मारक उभारण्यात आले, ह्यावरून त्या मुक्या प्राण्यांचे विज्ञानावरील ऋण कळून येईल. सारांश, भूक ही नियमाने येणारी पाहुणी आहे. जेथे जेवणाला वेळ नाही, जागा नाही, अंत नाही, तेथे ती थांबत नाही.

आता आमच्या वहीकडे वळू. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला वही व पेन्सिल टांगली. शेजारच्या अज्जींनाही विनंती केली; त्या सांगत व त्यांची नात लिहून आणी. पहिल्याच दिवशी पुढील नोंदी झाल्या: सकाळच्या चहाबरोबर बाबांनी तीन बिस्किटे, शाळेत जाताना आम्ही तीन, दुपारी आजीची एक तुपाची पोळी, शेजारच्या घरी अर्धी, चार वाजता वाटीभर दूध, बेळगावहून आलेल्या पाहुण्यांनी दिलेला कुंद्याचा तुकडा. चौदा किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाकाठी सुमारे आठशे उष्मांक पुरतात, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आम्ही अदमासे हिशेब केला. सहा बिस्किटांचे दीडशे, दीड पोळीचे सव्वादोनशे, दुधाचे शंभर, कुंद्याचे शंभर. एकूण पाचशे पंचाहत्तर. म्हणजे सायंकाळच्या ताटलीपूर्वीच मोतीचे सत्तर टक्क्यांहून अधिक जेवण झालेले होते! सात दिवसांत त्याला भरविणारे नऊ हात निघाले. प्रत्येक हाताची समजूत एकच, की बिचाऱ्याला दुसरे कोणी काही देत नाही.

आता सारे चक्र उलगडले. दिवसभर गोडधोड खाल्ल्यामुळे सायंकाळी भूक नसे. रात्र रिकाम्या पोटी जाई, म्हणून पहाटे पित्ताची ओकारी होई. ओकारी झाली म्हणून दूध मिळे. मोठ्या कुत्र्यांपैकी पुष्कळांना दुधातील साखर पचत नाही, म्हणून जुलाब होत. जुलाब झाले की तोंडास चव यावी म्हणून तूप! शिवाय ताटलीकडे पाठ फिरविली की अधिक चांगले मिळते, हा धडा मोती पक्का शिकला होता. पावलॉव्हचे प्रयोग आमच्या घरी चालू होते. मात्र प्रयोगकर्ता मोती होता आणि आम्ही त्याचे विद्यार्थी.

कारण कळले, पण कळणे आणि वळणे ह्यांत अंतर असते. आजीला आम्ही वही वाचून दाखविली, तेव्हा ती म्हणाली, “नामदेवमहाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, आणि तुम्ही मला हिशेब शिकवता?” आम्ही निरुत्तर झालो. तेवढ्यात होळी आली. आमच्या घरी पुरणपोळी, शेजारी होळिगे. पदार्थ एकच, नावे दोन. मोती एका घरी मोती म्हणून जेवला व दुसऱ्या घरी मुत्तु म्हणून.

त्या रात्री त्याला एकामागून एक उलट्या होऊ लागल्या. पाठ कमानीसारखी वाकली. पोटाला हात लावू देईना. पहाटे जुलाबात रक्त दिसले. उजाडताच त्याला पोत्यावर घालून रिक्षातून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी मानेवरील कातडी चिमटीत धरून सोडली. ती वर तशीच उभी राहिली. शरीरातील पाणी आटल्याची ती खूण होती. फार तुपकट खाण्याने स्वादुपिंडाला सूज येते व त्यात प्राणही जातो, असे त्यांनी सांगितले आणि शिरेतून सलाईन लावले. आजी मोतीच्या डोक्याशी बसून होती. कोणी काही विचारले नव्हते, तरी ती हळूच म्हणाली, “दोन पोळ्या मीच घातल्या.” डॉक्टर तिला म्हणाले, “आजी, नामदेवांच्या कुत्र्याला कोरडी भाकरी मिळाली होती, म्हणून त्यांनी तूप नेले. ह्याला तूपच तूप मिळाले आहे. आता ह्याच्यामागे तुम्ही कोरडी भाकरी घेऊन धावा.”

तीन दिवस मोती जीवन-मरणाच्या सीमेवर होता. चौथ्या दिवशी त्याने पातळ भाताची पेज चाटली, तेव्हा दोन्ही घरांत सण झाल्यासारखे वाटले.

त्यानंतर जे पथ्य ठरले, ते इतरांसही उपयोगी पडेल म्हणून सांगतो. जेवण दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. ताटली पंधरा-वीस मिनिटे ठेवावयाची. न खाल्ल्यास मुकाट्याने उचलावयाची व पुढील वेळेपर्यंत काही द्यावयाचे नाही. पाणी मात्र सदैव भरलेले. अन्न किंचित कोमट केल्यास त्याचा वास सुटतो. कुत्र्याला चवीपेक्षा वास अधिक कळतो. आहार बदलावयाचा असल्यास सात दिवसांत थोडा थोडा बदलावा. पहाटे पित्त पडत असेल, तर रात्रीच्या जेवणातील थोडा भाग निजण्यापूर्वी द्यावा. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट व शिजविलेली हाडे कटाक्षाने वर्ज्य. आमच्या गावापुरती आणखी एक गोष्ट: विड्यांची थोटके व तंबाखूचा चुरा ह्यांतील निकोटिन कुत्र्याला विषासमान आहे, म्हणून वखारीकडील फाटक आम्ही बंद केले. जंतांचे औषध व लसी वेळेवर द्याव्यात, आणि कुत्र्याला कुरवाळल्यावर हात धुवावेत, कारण काही जंत माणसालाही बाधतात.

परंतु प्रत्येक अरुचीस लाड हे नाव देऊ नये. भुकेच्या वेळीही आवडीचे अन्न नाकारणे, मरगळ, वारंवार उलटी, रक्त, पोट फुगून नुसतेच उमासे येणे, ही आजाराची लक्षणे होत. तेव्हा घरातील माणसांच्या गोळ्या न देता तत्काळ डॉक्टरांकडे जावे. लहान पिलाला तर उपाशी ठेवून शिस्त लावण्याचा प्रयत्न कधीच करू नये.

पहिले दोन दिवस मोतीने ताटलीकडे पाहिलेही नाही. आम्हां मुलांचे मन डळमळू लागले; पण ह्या वेळी खंबीर राहिली ती आजीच. ताटली ठेवण्याचे व उचलण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले होते. तिसऱ्या दिवशी सायंकाळी मोतीने ताटली चाटून स्वच्छ केली. शेजारच्या अज्जी आता ‘मुत्तु’ अशी हाक मारतात व त्याच्या पाठीवरून नुसता हात फिरवितात. आमची भीती होती, की खाऊ बंद झाल्यावर तो त्यांच्याकडे जाणार नाही. तो पूर्वीइतक्याच वेगाने जातो.

वही अजून दाराशी टांगलेली आहे. होळीनंतर तीत उलटीची नोंद एकदाच झाली. ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याला काय आवडते हे पाहणे सोपे असते. त्याला काय मानवते हे पाहण्यास मात्र थोडा अभ्यास व पुष्कळ मनोनिग्रह लागतो, एवढे ह्या वहीने आम्हांला शिकविले.