शोभिवंत मासे : एकटे की थव्याने?

घरी किंवा शाळेत काचेची टाकी मांडताना निरनिराळ्या जातींचा एकेक मासा आणण्याकडे पुष्कळांचा कल असतो. ही विविधता नेत्रसुखद असली, तरी सर्वच माशांना ती मानवत नाही.

सुमारे ४ सेंटीमीटर लांबीचा पट्टेदार झेब्रा मासा भारतातील ओढ्यांत व भातखाचरांत थव्याने राहतो. थव्यातील अनेक डोळ्यांना शत्रूची चाहूल लवकर लागते आणि शत्रूलाही एकावर नेम धरणे अवघड जाते. हा आधार तुटलेला मासा बुजतो, कोपऱ्यात दडतो व खाद्य टाळू लागतो. यास्तव असे किमान ६ मासे एकत्र ठेवावेत. फायटर जातीचे नर मात्र परस्परांशी झुंजतात. म्हणून एका टाकीत एकच नर असावा.

थवा म्हणजे गर्दी नव्हे. ६० सेंटीमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच टाकी काठोकाठ भरली, तरी तीत ५४ लिटरच पाणी मावते. मासे फार झाल्यास त्यांच्या उत्सर्गातून पाण्यात अमोनिया साचतो व तो माशांना घातक ठरतो. तेव्हा लहान टाकीसाठी सहा जातींचे सहा मासे न घेता झेब्रासारख्या एकाच लहान जातीचे सहा घ्यावेत. खर्च फारसा वाढत नाही आणि विद्यार्थ्यांना माशांचे खरे समूहजीवन पाहावयास मिळते.