भाच्याला मामाचा कागद

बापू,

तू दुसरी कंपनी सोडून तिसरी धरतोयस, असं तुझ्या आईकडून कळलं. धर बाप्पा, पगार वाढत असेल तर धरावीच. पण जाताना पीएफ काढून फ्लॅटच्या कर्जात भरणार आहेस म्हणे. म्हणून वरवट बकालहून हा कागद.

खामगावात एका कारखान्यात मी आठ वर्षं काढली. सोडताना बाबूनं दोन फॉर्म पुढं सरकवले, पीएफ काढायचा १९ आणि पेन्शनचे पैसे काढायचा १०सी. मी सह्या ठोकल्या. त्या पैशात विहीर खोल केली. पाणी लागलं, पण खारं. आपला खारपाणपट्टाच तो. मग अकोल्याला एमआयडीसीत नऊ वर्षं दोन महिने. तिथंही तेच दोन फॉर्म, त्याच सह्या. पेन्शनला १० वर्षांची नोकरी लागते. साडेनऊ भरली तरी दहा धरतात, पण माझी एकदा आठ आणि एकदा नऊ. १०सी भरताना पैसे न घेता स्कीम सर्टिफिकेट मागता येतं, म्हणजे आधीची वर्षं पुढच्या नोकरीत जोडली जातात. बाबू बोलला नाही, मी विचारलं नाही. जोडली असती तर सतरा झाली असती. तेव्हाच्या ६,५०० च्या पगारमर्यादेला सतरानं गुण आणि सत्तरनं भाग. महिन्याला दीड हजारावर येतात. तुझ्या मामीच्या गोळ्या तेवढ्यात सुटल्या असत्या.

तुमचं सोपं आहे. पीएफचा बारा आकडी यूएएन एकच, कंपनी कुठलीही असो. नव्या ठिकाणी तोच दे, दुसरा काढू देऊ नकोस, आणि जुनी शिल्लक ट्रान्सफर करून घे. जुन्या कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख भरली का, तेवढं बघ. नसेल भरली तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी तुला स्वतःला पोर्टलवर भरता येते. नाव आणि जन्मतारीख आधारला तंतोतंत जुळली पाहिजे. आपल्याकडं गुरुजींनी अर्ध्या वर्गाला १ जून लावून दिलाय. खरी तारीख कोणती, यावर वाद घालू नकोस, सगळीकडं एकच ठेव. आणि पाच वर्षांच्या आत पीएफ काढलास तर त्यावर कर लागतो; ट्रान्सफर केलास तर मागची वर्षंही मोजली जातात.

आता कर्ज. २० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं धर. हप्ता १७,३५६. पहिल्याच हप्त्यातले १४,१६७ व्याजात जातात, मुद्दल फिटतं ३,१८९. हे पाहून जीव घाबरतो, कबूल. पण पीएफवर २०२४-२५ साली ८.२५ टक्के व्याज मिळालं. सव्वाआठचं मोडून साडेआठचं फेडायचं, यात हाती काय लागतं? पाव टक्का. आणि म्हातारपणची शिदोरी गेली ती गेली. आज काढलेले ५०,००० त्याच दरानं २५ वर्षं राहिले तर ३ लाख ६० हजारांच्या वर जातात.

फेडायचं तर पगारवाढीतून फेड. वर्षाला एक जादा हप्ता भरलास की हेच कर्ज तीन वर्षांहून जास्त आधी संपतं. बदलत्या दराच्या गृहकर्जावर बँक आधी फेडल्याचा दंड लावू शकत नाही, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. भरताना हप्ता तेवढाच ठेवून मुदत कमी करा, असं लेखी दे. मात्र नव्या कंपनीत कायम होईस्तोवर जादा काही भरू नकोस, सहा हप्त्यांचे पैसे बचत खात्यात पडू दे. कारण प्रोबेशनवर काढलं तरी बँक हप्ता कापतेच.

लग्न झालं, तरी पीएफला वारस म्हणून अजून आईचंच नाव असेल. नॉमिनेशन नव्यानं भर. नोकरीत असताना काही झालं तर पीएफसोबतच्या विम्याचे ७ लाखांपर्यंत मिळतात, ते सुनबाईला कचेऱ्यांचे खेटे न घालता मिळायला हवेत.

दिवाळीला शेगावला उतरशील तेव्हा पासबुकाची छापील प्रत घेऊन ये. मोबाइलवरचं मला दिसत नाही.

तुझा मामा