संकेतस्थळाचे स्थलांतर : पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म

प्रास्ताविक

वैद्याची कीर्ती मुखोमुखी पसरते, हा आपल्या व्यवसायाचा जुना अनुभव आहे. एका रुग्णास गुण आला की त्याच्या गावातून आणखी चार रुग्ण येतात. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत ही रीत आजही टिकून आहे. फरक पडला तो मधल्या एका पायरीचा. मुखेडचा किंवा निलंग्याचा रुग्ण शेजाऱ्याकडून वैद्यांचे नाव ऐकतो आणि एसटीत बसण्यापूर्वी ते नाव भ्रमणध्वनीवर शोधून पाहतो. ‘आमवात उपचार लातूर’ किंवा ‘पंचकर्म नांदेड’ असे शब्द टाकले असता आपले नाव पहिल्या काही नावांत दिसले, तर रुग्णाचे पाऊल पुढे पडते. औषधनिर्मात्यांच्या बाबतीत तर मागणी नोंदविणारा ग्राहक प्रत्यक्ष दुकानाची पायरी चढतच नाही.

अनेक वैद्यबंधू-भगिनींची संकेतस्थळे आता दहा-पंधरा वर्षांची झाली आहेत. ती जुनाट दिसतात, भ्रमणध्वनीवर नीट वाचता येत नाहीत, म्हणून त्यांचे नूतनीकरण केले जाते. नवे रूप देखणे असते. परंतु महिन्याभरात दूरध्वनी मंदावतात आणि शोधयंत्रात आपले नाव कोठेच दिसेनासे होते. हा दैवाचा कोप नव्हे. त्याचे निदान निश्चित आहे आणि तो पूर्णपणे टाळता येण्याजोगा आहे. त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

संप्राप्ती : मान रूपाला नसतो, पत्त्याला असतो

गूगलसारखे शोधयंत्र संकेतस्थळास एकसंध वस्तू म्हणून ओळखत नाही. त्यातील प्रत्येक पृष्ठ त्याच्या स्वतंत्र पत्त्याने ओळखले जाते. आमवातावरील आपला लेख इतर संकेतस्थळांनी वर्षानुवर्षे उल्लेखिला, रुग्णांनी वाचला, एकमेकांना पाठविला; हे सारे पुण्य त्या एका पत्त्याच्या खात्यावर जमा असते. नूतनीकरणात संगणकप्रणाली बदलली की बहुधा पृष्ठांचे पत्तेही बदलतात. मजकूर तोच असला तरी नवा पत्ता शोधयंत्रास अनोळखी असतो आणि जुन्या पत्त्यावर ‘पृष्ठ सापडले नाही’ अशी सूचना येते. तिलाच ४०४ म्हणतात. काही काळाने शोधयंत्र तो पत्ता आपल्या वहीतून काढून टाकते.

निघंटु वाचणाऱ्यास ही गोष्ट सहज उमगेल. गुडूची, अमृता, छिन्नरुहा, गुळवेल ही एकाच द्रव्याची नावे. ज्यास केवळ ‘छिन्नरुहा’ ठाऊक आहे, तोही पर्यायनामांच्या आधारे योग्य वेलीपर्यंत पोहोचतो. पर्याय गाळून टाकले तर द्रव्य तेच राहील, पण ते सापडणार नाही. संकेतस्थळाच्या बाबतीत हा पर्यायनिर्देश ‘३०१ रिडायरेक्ट’ नावाच्या सूचनेने होतो. ‘हे पृष्ठ कायमचे अमुक पत्त्यावर गेले आहे’ असे ती सांगते आणि येणाऱ्यास आपोआप तेथे नेते. ‘३०२’ ही सूचना तात्पुरत्या बदलासाठी असते. कायमच्या स्थलांतरास ३०१ हीच योग्य. अशा रिडायरेक्टमुळे पृष्ठाचा मान घटत नाही, असे गूगलने २०१६ मध्ये स्पष्ट केले आहे.

नावे आणि पत्ते बदलतात : तीन उदाहरणे

पहिले उदाहरण आपल्या शेजारचे. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाच्या मान्यतेनंतर उस्मानाबाद शहराचे नाव धाराशिव आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्ह्यांची नावेही बदलली. लातूरच्या ज्या वैद्यांनी त्या जिल्ह्यातील रुग्णांसाठी स्वतंत्र पृष्ठ केले आहे, त्यांनी मजकुरात नवे नाव अवश्य घालावे. परंतु पृष्ठाच्या पत्त्यात जुने नाव असेल तर तो पत्ता घाईने बदलू नये. पत्त्यातील शब्दाचा प्रभाव अल्प असतो, पत्ता तुटल्याची हानी मोठी असते. बदलायचाच असेल तर ३०१ लावून बदलावा. काही लोक जुन्या नावाने शोधत राहतील, म्हणून मजकुरात ‘पूर्वीचे उस्मानाबाद’ असा उल्लेख एकदा असू द्यावा.

दुसरे उदाहरण बँकांचे. भारतीय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये परिपत्रक काढून सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या नावावर नेण्यास सांगितले. फसवणूक रोखणे हा त्यामागील हेतू. नाव बदलणे कधी कधी आपल्या इच्छेवर नसते, हे यावरून कळते. जुन्या पत्त्यावर येणाऱ्यास नव्या पत्त्यावर पोहोचविण्याची जबाबदारी मात्र आपलीच राहते.

तिसरे उदाहरण सावध करणारे आहे. गूगलच्या व्यवसाय-नोंदीसोबत लहान व्यावसायिकांना विनामूल्य संकेतस्थळ मिळत असे. मार्च २०२४ मध्ये गूगलने ती सर्व बंद केली. १० जून २०२४ पर्यंत येणाऱ्यास व्यवसाय-नोंदीकडे वळविले जात होते. त्यानंतर तेही थांबले. ज्यांच्या औषधांच्या वेष्टनावर तो पत्ता छापलेला होता, त्यांना तो वाचविण्याचा कोणताही मार्ग उरला नाही, कारण तो त्यांच्या मालकीचाच नव्हता. स्वतःचे डोमेन नाव घेतल्याखेरीज स्थलांतराची विद्या उपयोगी पडत नाही.

पूर्वकर्म

स्नेहन-स्वेदनावाचून शोधन केल्यास उपद्रव होतात. येथेही पूर्वतयारीच निर्णायक ठरते.

१) डोमेन नाव कोणाच्या नावावर नोंदलेले आहे, ते तपासावे. संकेतस्थळ बनविणाऱ्या व्यक्तीच्या नावे असल्यास काम सुरू होण्यापूर्वीच ते आपल्या नावे करून घ्यावे आणि नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवावी.

२) गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या विनामूल्य सेवेत संकेतस्थळ नोंदवावे. कोणत्या शब्दांनी, कोणत्या पृष्ठावर, किती लोक येतात ते तेथे दिसते. ही आकडेवारी उतरवून ठेवावी. रोग्याची पूर्वस्थिती ठाऊक नसेल तर उपशय-अनुपशय ठरणार कसा?

३) सर्व जुन्या पत्त्यांची यादी करावी. एका रकान्यात जुना पत्ता, शेजारी त्याच विषयाचा नवा पत्ता. छायाचित्रे आणि माहितीपत्रकेही यात यावीत. ही यादी म्हणजे या कर्माचा आत्मा होय.

४) संपूर्ण जुन्या संकेतस्थळाची प्रत स्वतःजवळ ठेवावी.

५) काळ निवडावा. पंचकर्म केंद्र असेल तर बस्तीसाठी विचारणा वाढते त्या वर्षा ऋतूच्या तोंडावर स्थलांतर नको. च्यवनप्राश हे ज्यांचे मुख्य उत्पादन, त्यांनी हेमंताचा आरंभ टाळावा. सुवर्णप्राशन करणाऱ्यांनी पुष्य नक्षत्राच्या आसपासचे दिवस वगळावेत.

६) डोमेन नाव, रूप, मजकूर आणि सर्व्हर हे सर्व एकाच दिवशी बदलू नये. एका वेळी एकच बदल केला तर बिघाडाचे कारण सापडते.

प्रधानकर्म

१) प्रत्येक जुना पत्ता त्याच्याच विषयाच्या नव्या पृष्ठाकडे न्यावा. सर्व जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळविण्याची सोपी युक्ती अनेक जण करतात. आमवातासाठी आलेल्या रुग्णास मुखपृष्ठ दाखविणे म्हणजे वहीत व्याधीऐवजी नुसते ‘रुग्ण’ असे लिहिण्यासारखे आहे. शोधयंत्रही असा पत्ता हरवलेला समजू शकते.

२) रिडायरेक्टची साखळी करू नये. जुन्यावरून मधल्यावर आणि मधल्यावरून नव्यावर असे न नेता थेट अंतिम पत्त्यावर न्यावे.

३) नवे संकेतस्थळ तयार होत असताना ते शोधयंत्रास दिसू नये म्हणून ‘नोइंडेक्स’ ही निषेधसूचना घातलेली असते. प्रकाशनाच्या दिवशी ती काढण्याचे राहून जाते आणि संकेतस्थळ अदृश्यच राहते. ‘रोबोट्स’ नावाच्या धारिकेतील प्रतिबंधही त्याच वेळी तपासावा.

४) आपल्याच पृष्ठांतील परस्परांचे दुवे नव्या पत्त्यांवर आणावेत.

५) नव्या पत्त्यांचा ‘साइटमॅप’ सर्च कन्सोलमध्ये सादर करावा. डोमेन नाव बदलले असल्यास तेथील ‘पत्ता बदल’ ही सोय वापरावी. केवळ एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर जाताना तिची आवश्यकता नसते. रिडायरेक्ट मात्र तेव्हाही हवेच.

६) जो मजकूर रुग्ण आणीत होता तो देखणेपणासाठी कापू नये. चार परिच्छेदांचा उपयुक्त लेख जाऊन तेथे एक चित्र आणि दोन ओळी आल्या, तर रिडायरेक्ट अचूक असूनही स्थान घसरते. गूगल आता संकेतस्थळाचे भ्रमणध्वनीवरील रूपच प्रमाण मानते. म्हणून तेथेही मजकूर पूर्ण असावा.

पश्चात्कर्म

शोधनानंतर संसर्जनक्रम न पाळता रुग्णास सोडून देणारा वैद्य आपल्यास मान्य होणार नाही. स्थलांतरानंतर काही आठवडे स्थानात चढउतार होतो; तो स्वाभाविक आहे. लहान-मध्यम संकेतस्थळांची बहुतेक पृष्ठे नव्या पत्त्याने नोंदली जाण्यास काही आठवडे लागतात. या काळात घाबरून पुन्हा रचना बदलू नये. आठवड्यातून एकदा सर्च कन्सोलमधील ४०४ ची नोंद पाहावी आणि सुटलेल्या पत्त्यांना रिडायरेक्ट लावावा.

रिडायरेक्ट किमान एक वर्ष, आणि शक्य तर त्याहून अधिक काळ ठेवावेत. यासाठी जुने डोमेन नावही नूतनीकृत करीत राहावे. ते सोडून दिल्यास अन्य कोणी विकत घेईल आणि आपल्या नावाच्या विश्वासावर भलतेच औषध विकेल. औषधनिर्मात्यांनी हा धोका विशेष ध्यानी घ्यावा. वेष्टनावर छापलेला पत्ता बाजारात दीर्घकाळ फिरत असतो.

गूगलची व्यवसाय-नोंद, चिठ्ठीचे कागद, नामफलक, वेष्टने आणि समाजमाध्यमांवरील खाती या सर्व ठिकाणी नवा पत्ता घालावा. भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेच्या जागी ११ जून २०२१ पासून राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग आला आहे. आपल्या पृष्ठांवर जुन्या परिषदेचे नाव वा दुवे राहिले असल्यास तेही याच वेळी सुधारावेत.

काय नेऊ नये

स्थलांतर ही शोधनाचीही संधी आहे. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ अनुसूचीतील व्याधी बरे करण्याच्या जाहिरातींना मनाई करतो. त्या अनुसूचीत मधुमेह आणि कर्करोग यांचा समावेश आहे. ‘मधुमेह समूळ बरा’ असे जुने पृष्ठ कितीही लोक आणीत असले तरी ते नव्या घरी नेऊ नये. त्यास रिडायरेक्ट न लावता ‘४१०’ म्हणजे ‘कायमचे काढले’ ही सूचना द्यावी. असे पृष्ठ गमावल्याने होणारी घट ही हानी नसून लंघन आहे.

उपसंहार

हे सर्व काम वैद्याने स्वहस्ते करावे, अशी अपेक्षा नाही. ते तंत्रज्ञाचे काम आहे. परंतु जुन्या-नव्या पत्त्यांची यादी मागणे, ३०१ लावले आहेत की नाहीत ते विचारणे आणि पूर्ण मोबदला देण्यापूर्वी जुने दहा पत्ते स्वतः उघडून पाहणे, एवढे प्रत्येकास जमण्याजोगे आहे. करारपत्रात या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. देगलूरहून किंवा उदगीरहून जो रुग्ण जुन्या पत्त्यावर येईल, त्यास बंद दार न दिसता आपले नवे दार दिसावे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप आहे.